दोन वाजताचा रकाना

मी तेहतीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये काढली. नोकरीला होतो, हे आधीच सांगतो, कारण एवढं ऐकलं की लोकांना विनोद सुचतात आणि ते सगळे माझे ऐकून झालेत.

काम चेंबर सांभाळायचं. आठ चेंबर, प्रत्येकाला वीतभर जाड दार, आणि दाराच्या आत भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एक साधा, कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला ओलं मलमल गुंडाळलेलं आणि मलमलीचं टोक पाण्याच्या डबीत सोडलेलं. हवा कोरडी असली की मलमलीतलं पाणी भराभर उडतं, ओला पारा खाली उतरतो आणि दोन पाऱ्यांत मोठं अंतर पडतं. हवा दमट असली की पाण्याला उडायला जागाच नसते आणि दोन्ही पारे एकमेकांना चिकटून बसतात. एवढंच शास्त्र. त्यावर माझं घर चाललं, मुलगी शिकली, आणि त्याच शास्त्रात मी निवृत्तीनंतर शुद्ध गाढव ठरलो.

त्या थर्मामीटरला घालायची मलमलीची टोपडी माझी बायको शिवून द्यायची. ती शाळेत शिवणाची बाई होती. दर दोन महिन्यांनी सोळा टोपडी, चेंबरमागे दोन, एकसारखी, बारीक टाक्यांची. "तुमच्या पाऱ्यांचे लाड माझ्या मुलीचेही झाले नाहीत," असं म्हणायची आणि शिवायची.

चेंबरचे आकडे ऑपरेटरने दिवसातून ठरलेल्या वेळी रजिस्टरमध्ये लिहायचे, आणि खाली तपासल्याची साहेबाची सही, म्हणजे माझी. तिथे माझा स्वभाव सगळ्यांना माहीत होता. रकाना रिकामा दिसला की माझं डोकं फिरायचं. एकदा एका ऑपरेटरने अख्ख्या पाळीचे आकडे खुर्चीत बसून मनाने भरले होते, आणि मी ते दारातून बघताच ओळखले. त्यात हुशारी काही नाही. खऱ्या आकड्याला वेडीवाकडी शेपूट असते, दशांश चार, दशांश सहा, दशांश दोन. मनाने लिहिलेला आकडा भांग पाडून येतो. पूर्ण, साडे, पूर्ण, साडे. त्या ऑपरेटरला मी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तो निमूटपणे ऐकून घेऊन गेला आणि मला वाटलं, चला, धडा शिकवला.

माझ्या लॉकरच्या दारावर आतून समुद्राचं एक चित्र होतं. जुन्या कॅलेंडरचं पान. निळं पाणी, एक होडी, बाकी काही नाही. अंगावर जाड कोट चढवताना मी रोज त्याच्याकडे बघायचो. निवृत्त झालो की समुद्राजवळ राहायचं, हे मी घरात इतक्या वेळा बोललो असेन की मुलगी लहानपणी ते पाठ म्हणून दाखवायची.

निवृत्त झालो तेव्हा माझ्या बोटांचे सांधे सुपारीएवढे झाले होते. आमचं गाव थंड, वर्षातले आठ महिने दुलई सोडवत नाही. त्याच वर्षी बायकोच्या हृदयाने पहिल्यांदा तक्रार केली. तक्रार लहान होती, पण होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"तुमच्या हातांना ऊब हवी," त्या मला म्हणाल्या, "तेव्हा उबदार जागी जा, जरूर जा. पण यांचं हृदय नाजूक आहे, आणि यांना अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या चालू आहेत. उष्मा आणि दमटपणा यांना किती सोसतो ते आधी राहून बघा. मगच घर घ्या. यात चूक परवडणार नाही."

"हवा मोजायची म्हणता?" मी म्हणालो. "ते माझ्यावर सोडा."

बायकोने माझ्याकडे बघितलं. माझी छाती दोन इंच पुढे आली होती, असं ती नंतर म्हणाली.

मग मी बेत आखला. माल घेताना आम्ही वरची पेटी कधी उघडत नसू, मधली उघडायचो, कारण वरची पेटी सगळेच चांगली भरतात. तसंच इथे. भर उन्हाळ्यात जायचं. चौदा दिवस आत, समुद्रापासून लांब असलेल्या कोरड्या गावात, जिथे मुलगी नोकरीला होती. चौदा दिवस समुद्रकाठच्या गावात, जिथे माझा मेव्हणा होता. दोन थर्मामीटर बरोबर घ्यायचे, व्हरांड्यात सावलीत टांगायचे. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सात. तीन वेळा आकडे आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. जिथले आकडे चांगले तिथे घर.

"दुपारी दोनचं मी बघेन," बायको म्हणाली. "तुम्ही त्या वेळी एकतर घोरत असता नाहीतर भटकत असता."

"बघ. पण एक लक्षात ठेव, रकाना रिकामा राहता कामा नये."

"हो साहेब," ती म्हणाली आणि नवीन टोपडी शिवायला बसली.

कोरड्या गावात पहिल्याच दुपारी पारा एक्केचाळीसवर गेला. मी तो आकडा बघितला आणि मनातल्या मनात गाव बाद केलं. ओठ फुटले, नाकात खपली धरली, व्हरांड्याच्या कठड्याला हात लावायची सोय नाही. "ही भट्टी आहे, भट्टी," मी दिवसातून चार वेळा म्हणायचो. मुलगी म्हणायची, "बाबा, कूलरसमोर बसा ना." मी मुद्दाम कूलरसमोर बसत नसे. बायको मात्र जेवून कूलरसमोर आडवी व्हायची, बरोबर दोनला उठून आकडे लिहायची आणि परत झोपायची. रजिस्टरमध्ये तिचं अक्षर अजून आहे: कोरडा ४१.२, ओला २०.६. कोरडा ४०.८, ओला २१.४. आणि शेऱ्यात एकेक ओळ. "टॉवेल अर्ध्या तासात वाळले." "संध्याकाळी पायाला सूज नाही." "जिना दोनदा चढले." एके दिवशी नुसतंच "बरं वाटलं."

दोन पाऱ्यांत वीस अंशांचं अंतर. माझ्या हाताखालच्या कुठल्याही माणसाने सांगितलं असतं की या हवेत घाम आला की लगेच उडून जाईल आणि अंग थंड राहील. अंगाचंही शेवटी त्या मलमलीसारखंच असतं. मी मात्र एक्केचाळीसच बघत होतो, कारण मला ते गाव नको होतं.

मग समुद्र. मेव्हण्याने वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या बघून ठेवल्या होत्या. व्हरांड्यात उभं राहिलं की समोर निळं पाणी, आणि खरं सांगतो, एक होडीसुद्धा. मी कठड्याला रेलून बघत राहिलो. बायको शेजारी उभी होती. "आहे तसंच आहे हो," ती म्हणाली. "फक्त चित्रात वारा नव्हता."

तिथला पारा तेहतीसच्या वर जाईना. कुठे एक्केचाळीस आणि कुठे तेहतीस! मी तर हवेत होतो. सकाळी मेव्हण्याबरोबर किनाऱ्यावरून फेरी. दुपारी जेवण झालं की धक्क्यावर एका सुताराच्या शेडमध्ये जाऊन बसायचो. तो होड्यांच्या फळ्या बदलायचा आणि मी त्याला न मागता सल्ले द्यायचो. चारला घरी. बायको तोंड धुऊन, केस विंचरून चहा टाकत असायची.

आता घरातल्या गोष्टी सांगतो, म्हणजे माझा शहाणपणा कळेल. मीठ डबीतून पडत नव्हतं. काडेपेटीला घासून घासून टक्कल पडलं तरी काडी पेटत नव्हती. टॉवेल सकाळचा संध्याकाळी ओला. माझ्या चामडी बुटांवर सहाव्या दिवशी हिरवट बुरशी आली. कोल्ड स्टोरेजमध्ये कांद्याच्या चेंबरला असा बुरशीचा वास आला असता तर मी सगळी इमारत डोक्यावर घेतली असती. इथे मी बूट पुसले आणि म्हणालो, "समुद्र म्हटला की एवढं चालायचंच."

न्हाणीघरात बादलीमागे एक उशी असायची, घडी केलेल्या चादरीवर ठेवलेली. ती मी रोज बघत होतो. वाळत ठेवली असेल, असं समजून आंघोळ करून बाहेर येत होतो. न्हाणीघरात उशी वाळत! यावर मी आणखी काही बोलत नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी अकराला घरमालकीणबाई करारनामा घेऊन येणार होत्या. दहाला मी टेबलाशी सरासरी काढायला बसलो. बायको समोर माझ्या शर्टाची शिवण घालत होती. कागदावर समुद्र सरळ जिंकत होता. मी पान उलटलं, दुपारची ओळ बोटाने वरून खाली बघत गेलो, आणि बोट थांबलं.

पहिले चार दिवस ठीक होते. ३२.८ आणि २८.६. ३३.२ आणि २८.८. दोन पाऱ्यांत जेमतेम चार अंश. पाचव्या दिवसापासून पुढे: ३२ आणि २५. ३२.५ आणि २५. ३२ आणि २५.५. ३२.५ आणि २५. दहा दिवस. सगळे भांग पाडून आलेले.

"अगं, दुपारचे आकडे तू पारा बघून लिहिलेस ना?"

"मग काय आरशात बघून?"

"दहा दिवसांत एकदाही दशांश चार नाही, दशांश सहा नाही?"

"नसेल."

"सकाळी ओला पारा सत्तावीस दशांश चार. संध्याकाळी अठ्ठावीस. आणि भर दुपारी पंचवीस? दुपारी काय तो आंघोळीला जातो?"

तिने हात थांबवला. सुई कापडात टोचून ठेवली आणि म्हणाली, "चिडणार नसाल तर सांगते."

"मी कधी चिडतो?" मी चिडून म्हणालो.

"पाचव्या दिवसापासून मी बघितलंच नाही."

"का?"

"दोन वाजता मला उठवतच नव्हतं."

मग तिने सांगितलं, शाळेत मुलींना टाका समजावून सांगावा तसं, शांतपणे. जेवण झालं की छाती भरून यायची. घाम धो धो वाहायचा आणि वाळायचा नाही. पंखा लावला तर नुसती गरम हवा फिरायची. पाचव्या दिवशी व्हरांड्यापर्यंत गेली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून मी धक्क्यावर गेलो की ती न्हाणीघरातल्या फरशीवर उशी घेऊन पडायची, कारण घरात तेवढी एकच जागा जरा थंड होती. साडेतीनला भिंतीला धरून उठायची, तोंड धुवायची, केस विंचरायची आणि रजिस्टर भरायची.

"आणि हे आकडे आणलेस कुठून?"

"मालकीणबाई म्हणाल्या होत्या, इथे बत्तीस-तेहतीस असतं. त्यातच थोडं इकडे तिकडे केलं."

"आणि ओला?"

"ओला तुम्हाला आवडेल तेवढा लिहिला."

मी रजिस्टर मिटलं. म्हणालो, "मला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? ते लॉकरवरचं चित्र फाटलं की तुम्ही घरी आणायचात. तीनदा मी त्याला मागून कापड लावून दिलंय. तेहतीस वर्षं तुम्ही त्या बर्फात उभे राहिलात ते काय हौस म्हणून? माझं आणि पोरीचं नीट चालावं म्हणून. मग मला चार महिन्यांचा उन्हाळा सोसवत नाही, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?" तिने सुई परत उचलली. "आणि तुम्हीच म्हणाला होतात, रकाना रिकामा राहता कामा नये."

मी उठलो आणि न्हाणीघरात गेलो. बादलीमागे उशी होती. हात लावून बघितली. दमट होती, त्या घरातल्या सगळ्या वस्तूंसारखी. तिथे उभ्या उभ्या मला भीती वाटली. दहा दुपारी. त्यातल्या एका दुपारी ती उठलीच नसती तर मी चारला चहा कुठे आहे म्हणून हाक मारली असती. आणि रजिस्टर बघून लोकांना सांगितलं असतं की इथली हवा फार चांगली. त्या ऑपरेटरची आठवण आली. त्याला त्या पाळीत काय झालं होतं, हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं.

मला रडू आलं ते मात्र भीतीने नव्हे. ती बाहेर जिवंत, खुर्चीत, माझ्या शर्टाची शिवण घालत बसली होती, म्हणून आलं. इतकं फुकट मला आयुष्यात कधी काही मिळालं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा माझे डोळे बघून ती म्हणाली, "साबण गेला वाटतं डोळ्यात."

"हो," मी म्हणालो. "बॅग भर."

घरमालकीणबाई आल्या तेव्हा मी त्यांना दोन्ही पारे दाखवले आणि माफी मागितली. बाई समजूतदार निघाल्या. "घर बघून नाही म्हणणारे पुष्कळ भेटले," त्या म्हणाल्या, "थर्मामीटर बघून नाही म्हणणारे तुम्हीच." त्यांनी बायकोला खुर्ची दिली, खालून बर्फाचं पाणी आणलं आणि टॅक्सी येईपर्यंत हातपंख्याने वारा घालत बसल्या. मेव्हणा दोन दिवस फुगून होता. मग त्याने माझे विसरलेले बूट पार्सलने पाठवले, बुरशी पुसून.

टॅक्सीत मी बायकोला म्हणालो, "आमच्याकडे सफरचंदाला दमट हवा लागते आणि कांद्याला कोरडी. एका चेंबरमध्ये कधी ठेवत नाहीत. एवढं माहीत असून मी तुला सफरचंदाच्या चेंबरमध्ये कोंबायला निघालो होतो."

"म्हणजे मी कांदा?"

"म्हणजे... हवेच्या दृष्टीने."

"बरं झालं," ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "आज पहिल्यांदाच रडवलं ना तुम्हाला."

आता आम्हाला त्या भट्टीत राहायला येऊन वर्ष झालं. भट्टीच आहे, मी शब्द मागे घेत नाही. ओठांना मलम लावतो, पाणी तहान नसताना पितो, अकरानंतर छत्रीशिवाय उन्हात पाऊल टाकत नाही. पण बोटं सुटी झाली आहेत, बुटाच्या नाड्या माझ्या मी बांधतो. बायको रोज सकाळी मुलीच्या घरापर्यंत चालत जाते आणि नातीला टाका घालायला शिकवते. डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्यांनी तिच्या गोळ्या अर्ध्यावर आणल्या. मी फोनवरच त्यांचे इतक्या वेळा आभार मानले की शेवटी त्यांनी दार वाजतंय असं सांगून फोन ठेवला.

समुद्राची आठवण येते. नाही म्हणालो तर ते मनाने भरलेल्या आकड्यासारखं होईल. पण आलो त्याच आठवड्यात बायकोने ते चित्र ट्रंकेतून काढलं, चौथ्यांदा कापड लावलं आणि कूलरच्या वर भिंतीला टाचलं. कूलरच्या जाळीवरून पाणी झिरपत असतं, गार ओला वारा येतो, कागदाची कड फडफडते. "घ्या," ती म्हणाली होती, "आता चित्रात वारापण आहे." दमट गावात हा कूलर फुकट गेला असता, हे शास्त्र मी तिला समजावून सांगायला लागलो, तर ती झोपून गेली.

थर्मामीटर व्हरांड्यात आहेत आणि रजिस्टर चालू आहे. कशाला, असं मुलगी विचारते. सवय, दुसरं काय. दुपारी दोनचं बायकोनेच मागून घेतलं. "माझी चूक मीच दुरुस्त करणार," म्हणाली. मी म्हणालो की चूक माझी होती. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

परवा दुपारी मी कोपऱ्यावरच्या बियाण्याच्या गोदामात गेलो होतो. तिथल्या लोकांना मी ओल कशी मोजायची ते शिकवतो, आणि हल्ली कुणाचा रकाना रिकामा दिसला तर आधी जेवलास का, झोपलास का, असं विचारतो. चारला घरी आलो. घर शांत होतं. बायको कूलरसमोर कुशीवर झोपलेली, एक हात गालाखाली, पाय उघडे. पायांना सूज नव्हती. श्वास संथ चालला होता. मी दारातच चपला काढून उभा राहिलो आणि थोडा वेळ तो श्वास मोजला.

मग पाऊल न वाजवता रजिस्टर उघडलं. सकाळी सहा, माझं अक्षर, २७.४ आणि १७.८. दुपारी दोनचा रकाना रिकामा होता. कोरडा रिकामा, ओला रिकामा. शेऱ्यात पेन्सिलीने अर्धवट झोपेतलं अक्षर होतं: "अडीचला जाग आली. परत झोपते."

मी पेन उघडलं आणि त्या रिकाम्या रकान्याखाली, साहेबाची सही असते तिथे, माझी सही केली.